ओवाळणीच्या तबकात काय घालावे?

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात एका खोक्याचा प्रवेश होतो. वर सोनेरी कागद, त्यावर तांबडी फीत, आत चार कप्पे आणि कप्प्यांत काजू, बदाम, पिस्ते, बेदाणे. खोके मोठे दिमाखदार असते. ते कोणी आणले नि कोणासाठी आणले, हे मात्र दोन दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही. कारण ते आपल्या घरी राहतच नाही. आपल्याकडे आलेले खोके आपण साहेबांकडे पोचवतो, साहेब ते व्याह्यांकडे पाठवतात, व्याही ते डॉक्टरांना देतात. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका खोक्याच्या तळाशी पेन्सिलीने बारीकशी फुली केली आणि ते मार्गस्थ केले. भाऊबीजेच्या संध्याकाळी, चार घरची वारी करून, ते माझ्याच बैठकीच्या खोलीत परत आले. फुली जागच्या जागी होती. बेदाणे तेवढे थोडे सुकले होते!

घरात हसून हसून मुरकुंडी वळली. पण हसू ओसरल्यावर मनात एक हिशेब सुरू झाला. चार घरांनी एकमेकांचा मान राखला, चार घरांचे ऋण फिटले. पण त्या बेदाण्यांनी तोंड मात्र कोणाचेच गोड झाले नाही. मग आपण एवढे पैसे कशासाठी मोडले? दिवाळीला जी भेट आपण द्यायचीच आहे, ती अशी का नसावी की तिच्यामुळे घेणाऱ्याच्या घरी एक पणती लागेल आणि जिने ती वस्तू घडवली तिच्याही घरी दुसरी लागेल?

हा विचार काही मला घरबसल्या सुचलेला नाही. तो मला शिकवला पिंपळगाव रेणुकाईच्या एका मावशींनी, आणि तोही माझा चांगला फजितवाडा करून.

परत आलेल्या तीन साड्या

पिंपळगाव रेणुकाई हे माझे आजोळ. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले, रेणुकामातेचे नाव मिरवणारे हे गाव मराठवाड्यात ओळखले जाते ते मिरचीच्या बाजारासाठी. पावसाळ्याच्या दिवसांत इथे हिरव्या मिरचीचे ढीग लागतात. आसपासच्या खेड्यांतून शेतकरी माल घेऊन येतात, परप्रांतांतले व्यापारी येतात, मालमोटारी भरतात आणि रातोरात रस्त्याला लागतात. बाजार भरात असला की त्या हवेत नवख्या माणसाला ठसका लागल्याशिवाय राहत नाही. गावकरी मात्र त्या ठसक्यातच निवांत चहा पीत असतात.

मामांच्या घराला लागून या मावशींचे घर आहे. पती निवर्तलेले, पदरी दोन मुली, आणि पोट मिरची तोडण्याच्या मजुरीवर. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी गेले, तेव्हा त्यांच्यासाठी मिठाईचा पुडा आणि माझ्या तीन साड्या घेऊन गेले. साड्या फाटक्या नव्हत्या हो! दोन-चारदा नेसलेल्या, इस्त्री केलेल्या, नव्या पिशवीत घातलेल्या. मनात थोडा अभिमानही होता. आपण आठवण ठेवली, असा.

मावशींनी चहा केला, मुलींची चौकशी सांगितली, मिठाईचा पुडा देवापुढे ठेवला. मग साड्या एकेक करून उलगडून पाहिल्या, पुन्हा घडी घातली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

“पोरी, साड्या चांगल्या हायेत. पण दर दिवाळीला कोणी ना कोणी जुनेरं घेऊन येतंच. पेटी भरली माझी. मला साडी नको, मला गिऱ्हाईक पाह्य.”

“गिऱ्हाईक? कशाचं, मावशी?”

त्या आत गेल्या आणि पितळेचा डबा घेऊन आल्या. झाकण काढले मात्र, माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. घरी वाळवून, देठ खुडून, उखळात कांडलेले लालभडक तिखट होते ते. “शहरात तुम्ही तिखट इकतच घेता ना? मग माह्यं घ्या. फुकट नका घेऊ अन् मला फुकट काही देऊबी नका.”

डोळ्यांतले पाणी तिखटाचे होते हे मी मामींना सांगितले. ते सगळेच तिखटाचे नव्हते. आपण जिला भेट म्हणत होतो ती खरे तर आपल्या कपाटातली अडगळ होती, आणि ती देताना आपण समोरच्या माणसाच्या हातांकडे पाहिलेच नव्हते, हे त्या क्षणी उमगले. त्या दिवशी मी पाच किलो तिखट रोख पैसे देऊन घेतले आणि साड्या गुपचूप परत आणल्या.

मावशींच्या म्हणण्यामागे भाबडा स्वाभिमान नव्हता, पक्का हिशेब होता. हिरवी मिरची नाशवंत. ती तोडली की त्याच दिवशी विकली गेली पाहिजे. त्या संध्याकाळी जो भाव निघेल तो घ्यायचा. परवडत नाही म्हणून माल परत न्यायची सोय नाही. भाव इतका पडतो की कधी तोडणीची मजुरीही निघत नाही. मग शेतकरी तोडणीच थांबवतो आणि मजुरिणीचा दिवस बुडतो. लाल मिरचीची गोष्ट निराळी. चार किलो ओली लाल मिरची वाळली की जेमतेम किलोभर भरते. पण ती वाळलेली मिरची डब्यात थांबते, बाजाराची वाट पाहू शकते. तिचे तिखट केले, धने-खोबरे भाजून काळा मसाला केला, किंवा मराठवाड्यातल्या घराघरांतले येसर केले, तर मजुरीचा, निवडण्याचा, भाजण्याचा, कांडण्याचा सगळा मोबदला त्या बाईच्याच पदरात पडतो. तिला अडचण एकच : गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक तर आपण शहरातली माणसे, हातात पैशाचे पाकीट घेऊन, सोनेरी खोकी शोधत हिंडत असतो!

दान नव्हे, ओवाळणी

आपल्या भाषेत देण्यासाठी किती शब्द आहेत पाहा. दान, भिक्षा, दक्षिणा, अहेर, बक्षीस, खाऊ, वाण, ओवाळणी. यांतला प्रत्येक शब्द देणारा कोठे उभा आहे आणि घेणारा कोठे, हे नेमके सांगतो. भिक्षा वरून खाली पडते. बक्षीस मालक देतो. पण ओवाळणी? बहीण ओवाळते आणि भाऊ तबकात काही घालतो, तेव्हा तो तिच्यावर उपकार करीत नाही. तो तिचा हक्क असतो. उलट तबक रिकामे राहिले तर मान खाली जाते ती भावाची.

रेणुकेच्या मुलुखात जोगव्याची चाल आहे. नवरात्रात चांगल्या खात्यापित्या घरची बाईसुद्धा परडी घेऊन पाच घरी जोगवा मागते. तिला कोणी भिकारीण म्हणत नाही. आणि पसाभर पीठ घालणारी स्वतःला दानशूर समजत नाही. आज हिने मागितले, उद्या तिने मागायचे. मागणारी आणि घालणारी दोघी देवीच्या दारात सारख्याच. ज्या समाजाने मागण्यालाही इतकी प्रतिष्ठा दिली, त्याने देताना उद्दामपणा करावा हे शोभत नाही.

पिंपळगावच्या तालुक्याचे ठिकाण जे भोकरदन, त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. केळणा नदीकाठच्या या गावी उत्खनन झाले तेव्हा सातवाहनकाळातल्या भरभराटीच्या नगराच्या खुणा मिळाल्या. हस्तिदंताच्या कोरीव कामाचे नमुने मिळाले. इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी त्यांचे साम्य अभ्यासकांना जाणवले. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट दूर मध्य प्रदेशात आहे. सांचीच्या स्तूपासाठी ज्यांनी दान दिले त्यांची नावे आणि गावे तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनच्या माणसांचाही उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच भागातल्या माणसांनी आपल्या मिळकतीतला वाटा इतक्या दूरच्या कामासाठी पाठवला! हा मुलूख घेणाऱ्यांचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुष्काळाने त्याला पुष्कळदा हात पसरायला लावले; पण त्याचा मूळ स्वभाव देण्याचा आहे.

परक्या बहिणीची भाऊबीज

दिवाळीच्या सणाला समाजाच्या गरजेशी जोडण्याची कल्पना मराठी माणसाला कोणी परक्याने शिकवावी लागली नाही. पुण्याच्या हिंगण्याच्या संस्थेची भाऊबीज आपल्यापैकी अनेकांच्या आजीने दिली असेल.

१८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पती गेलेल्या कोवळ्या मुलींना आसरा द्यावा, शिकवावे आणि पायांवर उभे करावे, हा हेतू. स्वतः अण्णांनी १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह केला होता आणि त्यापायी मुरूडकरांचा बहिष्कार सोसला होता. १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग चिखलातून, काट्यांतून मैलोगणती चालत आश्रम गाठायचा, असा त्यांचा कित्येक दिवसांचा क्रम होता.

या कामाला पैसा कोठून यायचा? घरोघर हिंडूनच. अण्णांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले याही विधवा. वयाच्या विशीपर्यंत अक्षरओळख नव्हती. त्या आश्रमात शिकल्या, तिथेच राबल्या आणि पुढे आश्रमासाठी निधी गोळा करीत गावोगाव फिरल्या. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी नीट येत नव्हते, तर परक्या घरी घरकाम करून राहिल्या. पण गेल्या कामाचा विसर पडू दिला नाही. आजच्या एखाद्या सुशिक्षित गृहिणीलाही दोन दारांवर जाऊन वर्गणी मागायची म्हटले तर संकोच वाटतो. त्यांनी तो संकोच केव्हाच गिळून टाकला होता.

याच संस्थेने भाऊबीज निधीची प्रथा रुजवली. दिवाळीत स्वयंसेवक घरोघर जात आणि सांगत की तुमच्या सख्ख्या बहिणीला ओवाळणी घालाल, तेव्हा हिंगण्याच्या बहिणींचीही आठवण ठेवा. कोणी रुपया देई, कोणी आठ आणे. रक्कम लहान असे, पण नाते मोठे जोडले जाई. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली, ती इतिहासात नोंदली गेली, ती योग्यच. परंतु हजारो मध्यमवर्गीय घरांनी घातलेल्या त्या लहान लहान ओवाळण्यांनी दुसरे एक काम केले. विधवेला शिकवणे हे पाप आहे असे ज्या समाजाला वाटत होते, त्या समाजाला तिचा भाऊ करून टाकले. ज्याला आपण ओवाळणी घातली त्याची निंदा करता येत नाही!

हातांना भेट

निधी देणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग मावशींचा : हातांनी केलेली वस्तू घेणे. महाराष्ट्रात या दुसऱ्या मार्गाची परंपराही कमी तोलामोलाची नाही.

बाबा आमटे आणि साधनाताई १९५१ साली वरोड्याजवळच्या ओसाड जमिनीवर राहायला गेले, तेव्हा बरोबर दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, एवढाच संसार होता. त्या जमिनीचे आनंदवन झाले. भिकेने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, ही बाबांची ठाम धारणा. पण कुष्ठरोग्याने पिकवलेली भाजी घेणार कोण? लोकांच्या मनातली ती भीती जायला वेळ लागला. आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो हे सर्वांना ठाऊक आहे. आनंदवनातल्या हातमागावरचे कापड, पिशव्या, शुभेच्छापत्रे लोक आवडीने घेतात. ते शुभेच्छापत्र तुम्ही कोणाला पाठवता, तेव्हा नुसती दिवाळीची शुभेच्छा जात नाही. ज्या हातांना एकेकाळी शिवायलाही माणसे भीत, त्या हातांचा स्पर्श आदराने पुढे जातो.

मुंबईत १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपयांचे, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे तयार झाली. देणगी घ्यायची नाही आणि मालाच्या गुणात कसूर करायची नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा दंडक. हाच तो लिज्जत पापड. त्या सात जणींच्या पुढे हजारो जणी झाल्या. दया म्हणून कोणी पापड घेतले असते तर एक वर्ष घेतले असते. चांगले होते म्हणून घरोघर गेले.

येरवड्याच्या कारागृहात कैद्यांनी केलेल्या वस्तूंची विक्री होते. दिवाळीत तिथला फराळ आणि पणत्या, कंदील घ्यायला पुणेकर जातात. महाबळेश्वरचे भावेश भाटिया स्वतः अंध. हातगाडीवर मेणबत्त्या विकून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे अनेक अंधांना त्या कामात आणले. ज्याला स्वतःला आज उजेड दिसत नाही, त्याच्या हातची मेणबत्ती आपल्या घरी लक्ष्मीपूजनाला लागते, यापरते दिवाळीचे मर्म ते कोणते? राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी नाव मिळवलेली नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती, पैठण आणि येवल्याचे पैठणी विणकर, छत्रपती संभाजीनगरात जपलेले हिमरूचे विणकाम, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महिला बचत गटांची प्रदर्शने... आपल्या अवतीभोवती बाजारपेठ केवढी मोठी आहे! फक्त तिच्यावर सोनेरी कागद नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

पारखून घ्यावे, पण कसे?

येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. हल्ली परोपकारालाही बाजारात किंमत आली आहे. एखाद्या महागड्या वस्तूवर “या विक्रीतील काही भाग गरजूंसाठी” असे छापलेले दिसते. काही भाग म्हणजे किती? रुपयातला आणा की पैसा? गरजू म्हणजे कोण? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. जी संस्था खरे काम करते ती आनंदाने सांगते, पावती देते, हिशेब दाखवते. जिला प्रश्न आवडत नाही, तिथे आपण चप्पल पायांत घालावी.

दुसरी गोष्ट, वस्तू उपयोगाची असावी. “बिचाऱ्यांनी केली आहे” म्हणून घेतलेली नि माळ्यावर टाकलेली भेट म्हणजे माझ्या त्या तीन साड्यांचेच दुसरे रूप. पुढच्या वर्षी ती कोणी घेत नाही, आणि ज्याने एकदा तुमच्या मागणीवर विसंबून कच्चा माल भरला त्याचे नुकसान होते. रोजच्या वापरातले निवडा : तिखट, मसाला, पापड, साबण, पंचा, चादर, पिशवी, मेणबत्ती. वस्तू चांगली वाटली नाही तर सरळ सांगा. गिऱ्हाईकाची तक्रार ऐकून घ्यायचा मानसुद्धा कारागिराचाच आहे.

तिसरी गोष्ट भावाची. मोठ्या दुकानात छापील किंमत आपण निमूट देतो आणि बचत गटाच्या टेबलाशी दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. ही आपली खोड मोडली तरी पुष्कळ पुण्य लागेल.

चौथी गोष्ट मुलांची. सणाच्या उत्साहात काही पालक मुलांच्या वाट्याचा खेळणी-फटाक्यांचा पैसा परस्पर दान करून टाकतात. असे करू नये. हिसकावून घेतलेले दान मुलांच्या मनात कडू होते. त्यांना बरोबर न्यावे, दाखवावे, निवडू द्यावे. मुले आपल्याहून जास्त समजूतदार असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफने चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावातल्या मुलांना मदत पोचवली, तेव्हा तिथल्या यित्का सामकोवा नावाच्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र काढले. कागद नव्हता, म्हणून काचेवर काढले. त्याच चित्राचे १९४९ साली युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र झाले आणि पुढे अशा पत्रांच्या विक्रीतून जगभरच्या मुलांसाठी पैसा उभा राहत गेला. ज्या चिमुरडीला मदत मिळाली होती, तिच्याच हातची भेट दुसऱ्या मुलांच्या उपयोगी पडली.

पाचवी गोष्ट छायाचित्रांची. देताना छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा. बहिणीला ओवाळणी घालताना आपण पाकिटातली रक्कम चारचौघांना दाखवतो का?

माझी दुसरी चूक

सहावी गोष्ट मला सांगायला अवघड जाते, कारण ती माझ्याच चुकीतून मी शिकले.

पाच किलो तिखटाने धीर आला. पुढच्या दिवाळीला मी कॉलेजातल्या मैत्रिणींना आणि आमच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांना गळ घातली. तीस घरे तयार झाली. प्रत्येकी अर्धा किलो तिखट, म्हणजे एकूण पंधरा किलो. मावशींना निरोप धाडला. हिशेबाला सोपे म्हणून मी आकडा लिहिला, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. पंधरा किलो तिखट म्हणजे पंधरा किलोंहून थोडी जास्तच वाळली मिरची, म्हणजे साठ-पासष्ट किलो ओली लाल मिरची. ती मावशींच्या घरी झाडाला लागत नाही. ती विकत आणावी लागते.

तिखट वेळेवर आले. लोकांनी वाखाणले. पैसे मात्र कोणी दिवाळीनंतर देतो म्हणाले, कोणी बाहेरगावी गेले, कोणी विसरले. आणि मीही कॉलेजच्या परीक्षांत गुंतले. सगळे पैसे जमून पिंपळगावला पोचले ते संक्रांतीला. मामींनी हळूच सांगितले की मावशींनी मिरचीसाठी उसनवारी केली होती आणि दिवाळीत धाकटीला नवे कपडे घेता आले नाहीत. ज्या घरी पणती लागावी म्हणून एवढा खटाटोप केला, तिथे त्या वर्षी माझ्यामुळेच अंधार राहिला.

मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी मागणी कळवली तेव्हा निरोप आला : “अर्धे पैसे आधी, अर्धे माल पोचल्यावर. नाही तर जमायचं नाही.”

खरे सांगते, तो निरोप ऐकून मला क्षणभर झोंबले. आपण यांच्यासाठी इतके करतो आणि यांनी व्यापाऱ्यासारखी अट घालावी? रात्रभर विचार केल्यावर मात्र बरे वाटू लागले. मावशींनी अट घातली, म्हणजे त्या आता माझ्या उपकारांखाली नव्हत्या. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतो. गिऱ्हाईक आणि विक्रेती! पहिल्या दिवशी त्यांनी मागितले होते ते हेच, आणि मला ते कळायला दोन वर्षे लागली.

म्हणून सहावी सूचना, आणि ती सर्वांत महत्त्वाची : मागणी लवकर नोंदवावी आणि पैसे वेळेवर द्यावेत, शक्य तर आगाऊ द्यावेत. दिवाळीच्या आदल्या दिवशी सुचलेल्या सद्भावनेचा कारागिराला काडीचा उपयोग नसतो. गणपती बसायच्या सुमारास सुचली, तर त्याची दिवाळी साजरी होते.

वरची मूठ

आता आमच्या इमारतीत दिवाळीला तिखटाची आणि येसरची पुडकी सोनेरी खोक्याच्या जागी जातात. ती परत फिरून येत नाहीत. आठ दिवसांत आमटीत उतरतात. कोणी ठसका लागला म्हणून कुरकुरतो आणि पुढच्या वर्षी एक पुडके जास्त मागतो. मावशींच्या थोरलीचे लग्न झाले, धाकटी भोकरदनला शिकते. हे सगळे तिखटामुळे झाले असा दावा मी करणार नाही. मावशी त्या तिखटाखेरीज आजही तोडणीला जातातच. तीस घरांच्या गिऱ्हाइकीने एका गावाचे दैन्य हटत नाही. भाव पडले की पिंपळगावच्या शिवारात अजूनही झाडावर मिरची पिकून गळते. त्याला गोदामे लागतात, रास्त भाव लागतो, पाणी लागते, आणि ते मागण्याचे कर्तव्यही आपण नागरिक म्हणून केले पाहिजे. दिवाळीची भेट हा त्या कर्तव्याला पर्याय नाही. पण एका घरचा एक सण तिने निभावतो, आणि ते घर आपल्या ओळखीचे होते. ओळख झाली की मग भाव पडल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असली तरी नजरेतून सुटत नाही.

गेल्या दिवाळीला मी पिंपळगावला गेले तेव्हा मावशींनी माझ्यासमोर तराजू धरला. पारडी सारखी झाली. पैसे मोजून घेतले, दोनदा मोजले. मग त्यांनी डब्यात हात घातला आणि पुडक्यात वरून आणखी एक मूठ तिखट टाकले.

“मावशी, हे कशाचं?”

“हे इकलेलं नाही, पोरी. ही माही भेट.”

मी ती मूठ घेतली. ती नाकारायचा अधिकार मला नव्हता. पहिल्या वर्षी ज्या घरात मी देणारी म्हणून मिरवत गेले होते, तिथून मी त्या दिवशी काही घेऊन निघाले. दिवाळीची भेट अशी असावी, की वर्ष-दोन वर्षांनी तिच्यातून समोरच्यालाही आपल्याला काही देता यावे.

यंदा तुमच्या तबकात काय घालायचे ते तुम्ही ठरवा. सोनेरी खोके आणलेच, तर तळाशी एक फुली तेवढी करून ठेवा!